पाहुण्यांच्या ताटातले झिंगे

तलावाकाठच्या विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात मासेमारांच्या वस्तीतल्या बुधरामने टोपलीवरचं पळसाचं पान बाजूला सारलं आणि कांदा चिरणाऱ्या सखाबाईचा हात थांबला. टोपलीत झिंगे होते, तलावातली बारीक कोळंबी, अजून उड्या मारणारी.

"हे कायले आणले?"

"पाहुण्यायले."

"कोन्त्या जाळ्यानं धरले?"

"बारीकच्या. दुसऱ्यात झिंगा थांबते का?"

सखाबाईने कपाळावर हात मारला. तलावावर आलेल्या पाहुण्याला त्याच सकाळचं, त्याच पाण्यातलं खाऊ घालायचं, ही ढिवरांची, मासे धरणाऱ्या या वस्तीची रीत. बाजारातलं आणून वाढलं तर वस्तीची मान खाली जाते. यंदा तलाव तुडुंब होता, मोठा मासा तळाशी बसला होता आणि काठच्या गवतात झिंग्यांशिवाय काही लागत नव्हतं. बुधरामने रीत पाळली होती. फक्त पाहुणे कोण आहेत, एवढंच तो भला माणूस विसरला होता.

पाहुणे होते मुंबईहून आलेले आमदार, उपविधान समितीचे. विधानसभा कायदा करते आणि त्याखालचे बारीकसारीक नियम खातं करतं. त्या नियमांत खात्याने आपल्या मनचं काही घुसडलं तर नाही ना, हे ही समिती पाहते. मासेमारीच्या खात्याने गेल्या साली असाच एक नियम काढला होता. ज्याच्या भोकातून बोट जात नाही असं जाळं तलावात दिसलं, की जाळं जप्त आणि ढिवरांच्या सोसायटीचा तलावाचा ठेका रद्द. लहान पिल्लं वाचावीत म्हणे. पण झिंगा म्हातारा झाला तरी तेवढ्या भोकातून आरामात निघून जातो, त्यामुळे झिंगे धरणंच बंद झालं. लाखांदूरकडच्या सगळ्या वस्त्यांनी मिळून तक्रार केली, तेव्हा कुठे समिती आली होती. आणि तिच्याच पानात आता बंदीचा माल पडणार होता.

"ठेका गेला त वस्ती खाईन काय?" सखाबाई म्हणाली.

बुधरामच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. तो काही बोलणार तोच फाटकाशी जीपगाड्या थांबल्या. भात तयार होता, कालवणाला दुसरं काही नव्हतं. सखाबाईने देवाचं नाव घेतलं आणि लसूण ठेचायला घेतला.

विश्रामगृहाच्या ओसरीत पंगत बसली. मधोमध समितीचे अध्यक्ष वासुदेवराव, त्यांच्या बाजूला खात्याचे साहेब कृष्णराव. साहेब पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. सखाबाई वाढत होती, पण तिचे कान त्यांच्याच बोलण्याकडे लागले होते.

"नियमाची अंमलबजावणी कशी आहे?" वासुदेवरावांनी विचारलं.

"अत्यंत समाधानकारक." कृष्णरावांनी भात कालवला. "या भागात बारीक जाळं शोधूनही सापडणार नाही."

"अरे वा," वासुदेवराव म्हणाले. मग त्यांनी एक झिंगा शेपटीला धरून उचलला. "मग हे महाशय कसे आले?"

कृष्णरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटाकडे जणू पहिल्यांदाच पाहिलं. खोटं बोलावं असं सखाबाईला फार वाटलं, पण जेवणाऱ्या माणसाला अन्नाबद्दल खोटं सांगायला तिची जीभ वळेना.

"याच तलावातले हाय, साहेब. आज सकाळचे. पाहुण्यायले शिळं कसं वाढाव?"

वासुदेवरावांनी झिंगा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"कृष्णराव, खटला भरायचा तर मुद्देमाल लागेल. तुमच्या ताटात काही शिल्लक आहे का?"

कृष्णरावांच्या ताटात भात होता, झिंगा एकही नव्हता. दोनदा मागून घेतलेले झिंगे त्यांनी संपवले होते. पलीकडच्या आमदारांना हसता हसता ठसका लागला. वासुदेवराव मात्र हसले नाहीत.

"सभागृहाने कायदा केला तो पिल्लं वाचवायला. झिंगे बंद करा असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं, ते तुमच्या नियमाने केलं. हा नियम बदलावा अशी शिफारस आम्ही सभागृहापुढे ठेवू. तोवर कुणाचं जाळं उचलू नका, ठेक्याला हात लावू नका."

"होय, साहेब," कृष्णराव खाली मान घालून म्हणाले.

सखाबाई स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली. तिला रडूही येत होतं आणि हसूही. मागच्या दारी बुधराम सगळं ऐकत उभा होता. त्याने फक्त लांब श्वास सोडला आणि वस्तीला सांगायला धावत सुटला.

पाहुणे तलाव पाहायला गेले. सखाबाई भांडी घासायला बसली, तर दारात कृष्णराव एकटेच उभे. आता हा माणूस सगळा राग काढणार, तिला वाटलं.

कृष्णरावांनी मागे वळून कुणी नाही ना ते पाहिलं.

"बाई, थोडेसे झिंगे भेटतीन का? शिजवलेले नाई, कच्चे."

सखाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिली. हा माणूस आपल्यासारखं बोलतो?

"मायी माय इकडचीच, बपेऱ्याची हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "झिंग्याबिगर तिले जेवन गोड लागत नोयतं. पन नियम निंगाला तवापासून तिनं एक झिंगा तोंडात घातला नाई. मी कितीकदा म्हटलं, खाय, कोन पाहून राहिलं? त म्हनते, माह्या पोरानं नियम केला, मी कशी मोडू?"

सखाबाईच्या हातातली राख तशीच राहिली. मग तिने हात धुतले, टोपलीच्या तळाशी उरलेले झिंगे पळसाच्या पानात बांधले आणि पुडा त्यांच्या हाती दिला.

"मायले सांगजा," ती म्हणाली, "मुंबईच्या साहेबायनं बी खाल्ले. आता खाय म्हना."