दोन थेंब

प्रयागबाईचं सोवळं कोराडीत सगळ्यांना ठाऊक होतं. सून गोपिकेच्या अंगावरून पांढरं जाऊ लागलं तशी तिने पोरीला मागच्या पडवीत बसवलं. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, देवघराकडे फिरकायचं नाही. गावातल्या नर्सबाईच्या गोळ्यांनी गोपिका पडवीत बरी व्हायची आणि घरात घेतली की पुन्हा तेच. घरच्या देवीलाच ही नको, असा निकाल लावून प्रयागबाईने तिला कायमचं माहेरी धाडायचं ठरवलं. लेक रुपराव कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याने आईपुढे मान खाली घातली. जायच्या आधी एकदा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, एवढंच गोपिकेने मागितलं.

डॉक्टर चारुशीलाबाईंनी तिला तपासलं आणि बरं कधी वाटतं ते विचारलं. सुनेला तोंड उघडू न देता प्रयागबाईने देवीच्या कोपाची हकिकत तोऱ्यात सांगितली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग रुपरावाला लघवीच्या नमुन्यासाठी बाटली देऊन आत पाठवलं आणि म्हातारीला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं.

काचेवर गोपिकेच्या पांढऱ्याचा थेंब होता. प्रयागबाईने एक डोळा मिटून पाहिलं. उजेडाच्या गोल तळ्यात जीव पोहत होते. शेपट्या हलवत, गिरक्या घेत, कोणाचीही पर्वा न करता. एका थेंबात एवढी वस्ती! देव्हाऱ्यासमोर जोडावेत तसे तिचे हात जोडले गेले. एवढा जन्म गेला आणि हे जग कधी दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी दुसरी काच लावली. जीव कमी होते, पण तेच. त्याच शेपट्या, त्याच गिरक्या.

"हा थेंब कोनाचा, बाई?"

"तुमच्या मुलाचा. त्याला त्रास नाही, पण त्याच्याकडून हे जंतू तिला लागतात. पडवीत ती बरी राहते, कारण तिथे तो नसतो. दोघांनी एकदमच गोळ्या घ्यायच्या, आणि तोवर वेगळं झोपायचं."

परतीच्या बसमध्ये प्रयागबाई पुन्हा पुन्हा स्वतःच्या तळहातांकडे पाहत होती. देवीवर आपण किती मोठा आळ घेतला, या विचाराने तिला भरून आलं. शेजारी बसलेल्या गोपिकेकडे बघायचं मात्र तिला धाडस होईना.

घरी येताच तिने पडवीतलं गोपिकेचं ताट उचललं, स्वतः घासलं आणि चुलीपाशी इतर ताटांत ठेवलं. मग रुपरावाची वळकटी काखेत मारून पडवीत नेऊन टाकली.

"मले काहून, माय?"

"गोळ्या सरेपर्यंत तू बाहेर बस गा," प्रयागबाई म्हणाली. "अन् देवघराकडे फिरकू नको."