पेन्सिलची हद्द

"आधी चष्मा पुसा, मग बघा," कमलिनी म्हणाली, पण अंबादासांना तेवढा धीर कुठला. जेवणाच्या टेबलावर जुना नकाशा पसरला होता आणि ते नाक कागदाला टेकेल इतके वाकले होते. नकाशा घेऊन आलेली एमान समोर बसली होती. जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत ती काम करत होती. पंच्याहत्तरीच्या या माणसाला शारजातल्या मुलाच्या घरी शोधून काढायला तिला चार महिने लागले होते.

हद्दीची रेघ अजून पेन्सिलचीच होती. कोपऱ्यातली रेखाटणाऱ्याच्या नावाची चौकटही कोरी होती.

अमिरातींचा हा देश नुकता जन्मला होता तेव्हाची गोष्ट. डोंगरातल्या एका विहिरीवरून दोन अमिरातींत जुंपली होती. नकाशे रेखाटणारा बाविशीतला अंबादास मोजणीवाल्यांबरोबर रणरणत्या उन्हात हिंडला. कुठली वस्ती कुठल्या शेखला मानते, हे म्हाताऱ्यांना विचारत विचारत हद्द आखत गेला. विहीर मात्र दोन्हीकडचे आपली म्हणत, आणि पाणीही दोघे भरत. तंटा मिटवायला दोन्ही बाजूंची बैठक ठरली, तिच्या आदल्या दिवशी साहेबाने फर्मावलं, रेघेवर शाई फिरव. अंबादासने शिकलेला नियम साधा होता. दोघांनी मान्य केलेल्या हद्दीलाच शाई, तोवर पेन्सिल. आणि काम पुरं झाल्याशिवाय चौकटीत नाव नाही. तो नाही म्हणाला. नकाशा तसाच बैठकीला गेला आणि याची नोकरी गेली.

पुढची चाळीस वर्षं औद्योगिक भागात पत्र्याच्या शेडचे आराखडे काढण्यात गेली. एका रेघेपायी संसार उन्हात आणलात, असं कमलिनी भांडणात हटकून ऐकवायची. तो टोमणा ते हसून गिळत. पण आपण खरे होतो की नुसतेच हेकट, हा सल काही जात नव्हता. असल्या माणसांना नावं ठेवणं सोपं असतं. तसं वागायला मात्र छाती लागते.

आता त्यांनी तेच विचारलं. बैठकीत पुढे काय झालं?

"मैंने पूरा रेकॉर्ड पढ़ा, अंकल," एमान म्हणाली. "इंक होता तो एक तरफवाले उठके चले जाते. पेन्सिल देखके बोले, अभी बात बाकी है. इसलिए दोनों बैठे रहे."

कमलिनीने पदराने डोळे टिपले आणि उगाचच कप उचलायला लागली.

एमानने मग कराराची प्रत पुढे ठेवली. बैठकीनंतर दोन वर्षांनी समेट झाला होता: हद्द तीच, विहीर दोघांची. शेजारी तिने जुन्या नकाशाची हुबेहूब प्रत मांडली. प्रदर्शनात दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लागणार होते, आणि दुसऱ्यावरची शाई अंबादासांनीच फिरवावी अशी तिची इच्छा होती.

अंबादासांनी आधी कराराखालच्या दोन्ही सह्या बोट ठेवून तपासल्या. मग उठून कपाटातलं ड्रॉइंगचं पेन आणलं.

पेनाचं टोक रेघेवर ठरेना. कमलिनीने त्यांचं मनगट खालून धरलं. रेघ विहिरीपाशी आली, तिथे त्यांनी पेन उचललं आणि पलीकडून पुन्हा टेकवलं. मग चौकटीत सावकाश नाव लिहिलं.

"तारीख कुठली घालू? तेव्हाची का आजची?"

"आजची घाला," कमलिनी म्हणाली. "काम आज पुरं झालं."

शाई वाळली तरी तिने मनगट सोडलं नव्हतं.