एक्केचाळिसाव्या दिवसाचा हंडा

गणपती बसायच्या आधीच्या बुधवारी माझी पिशवी काढली. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या वस्तीवर हे नाव कुणी घेत नाही. ‘आतलं ऑपरेशन’ म्हणतात. जणू बाकीची ऑपरेशनं अंगणात होतात.

त्याआधी तीन वर्षं मी फूलबाजारात गडद चॉकलेटी साडी नेसून बसत होते. ती साडी मला आवडत नव्हती. पण गिऱ्हाइकाला शेवंती तोलून देताना खालून रक्ताच्या गाठी पडत असल्या, की माणूस साडीचा रंग आवडीने निवडत नाही. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलेलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर गाठ दाखवली, सोललेल्या नारळाएवढी. मी म्हटलं, काढून टाका. घरात तीन दिवस चर्चा चालली, पिशवीशिवाय बाई म्हणजे काय वगैरे. ज्यांना पिशवी नव्हतीच तेच त्यात जास्त बोलत होते.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढं, पाटाच्या कडेला. दीड एकर. झेंडू, शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर. नवरा खंडेराव. मी त्याचं नाव उखाण्याशिवाय घेते, त्याला चालतं. आणि सासू नवसाबाई, जिच्यापुढे आमचं दोघांचंही काही चालत नाही.

ऑपरेशन झालं आणि नवसाबाईने हिशेब लावला. तिच्या मते बाईच्या त्या जागेतून काहीही बाहेर आलं, मग ते बाळ असो की नारळाएवढी गाठ, नियम एकच. सव्वा महिना. तिने मला थेट बाळंतिणीच्या खोलीत घातलं. कानाला फडकं, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, खाटेखाली शेगडी. गादीवर फक्त बाळ तेवढं नव्हतं. येणारी प्रत्येक बाई सवयीने माझ्या कुशीकडे बघायची आणि मग छताकडे.

त्यातला मला सगळ्यात लागलेला नियम फुलांचा. सव्वा महिना फुलाला हात लावायचा नाही, कारण फूल देवाला जातं. एक्केचाळिसाव्या दिवशी विहीर पुजायची, तांब्याचा भरलेला हंडा डोक्यावर घ्यायचा, मध्ये कुठं न टेकवता उंबऱ्यापर्यंत आणायचा, आणि मग मळ्यात जाऊन पहिलं फूल तोडायचं. तिथून बाई पुन्हा कामाची.

डॉक्टरीणबाईंचा कागद वेगळंच सांगत होता. तीन महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. खंडेरावाने तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि विसरला. मी विसरले नाही. आमचा हंडा रिकामा तीन किलोचा, भरला की पंधरा.

एक्केचाळीस दिवस आणि तीन महिने. दसरा बरोबर मधे येत होता.

ज्याला झेंडू माहीत नाही त्याला दसरा कळणार नाही. वर्षभर आम्ही फुलं विकतो ते दसऱ्याची वाट बघत. चोवीस दसरे मी या मळ्यातला झेंडू तोडला, पाट्या वाहिल्या, बाजारात बसून विकला. मला तो पंचविसावा दसरा पाहिजे होता. देवासाठी नाही. माझ्यासाठी.

लोकांना आजार समजतो, बरं होणं समजत नाही. आजारी बाईला बघायला येतात, बरी होत असलेल्या बाईला तपासायला येतात. शेजारची सुलाबाई रोज यायची. तिचं हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालेलं. आली की पोटपट्ट्याकडे बघायची आणि तेच वाक्य टाकायची, मी तर पंधराव्या दिवशी कांदे काढत होते. मी आंघोळ करून दमायचे. साडी नेसून दमायचे. एकदा तर भाकरीचा तुकडा मोडून दमले. सुलाबाईचे कांदे डोळ्यांसमोर आले की वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे.

खोकायचं तर पोटाला उशी दाबून. हसायचं तर तेही उशी दाबून, म्हणून हसणंच बंद. लेक रूपाली कळवणला दिलेली. तिचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने तिच्या सासूची नक्कल सुरू केली की मी फोन कापायचे. आणि खंडेराव! लग्नाच्या चोवीस वर्षांत या माणसाने एक विनोद केला नव्हता. मला टाके पडले आणि त्याला सुचायला लागले.

फुलाला हात लावायला बंदी होती, चालायला नव्हती. मी बांधावरून चालायचे आणि झेंडूच्या ओळी मोजायचे. सव्वीस ओळी आहेत. आठव्या दिवशी तीन ओळी झाल्या आणि विहिरीवरच्या मोटारीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. विसाव्या दिवशी अकरा. पंचविसाव्या दिवशी परत पाच. त्या दिवशी मी कट्ट्यावर बसून रडले, आणि का रडते म्हणून शोधायला गेले तर कारण सापडेना. छत्तिसाव्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस झाल्या. शेवटच्या ओळीपाशी उभी राहून मी झेंडूला म्हटलं, आले बरं का.

आणि मग माज केला. एकोणचाळिसाव्या दिवशी, घरात कुणी नसताना, हंडा अर्धा भरला आणि उचलून बघितला. कंबरेपर्यंत आला. आत खोल कुणीतरी शिवणीचा दोरा खेचावा तसं झालं. संध्याकाळी कपड्याला गुलाबी डाग. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांनी मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. म्हणाल्या, पोटावरचे टाके दिसतात म्हणून तुम्हाला तेवढेच वाटतात, आत योनीच्या वरच्या टोकाला शिवलंय ते कोण सांभाळणार. डाग वाढला तर लगेच या. सकाळपर्यंत डाग थांबला. मी कुणाला बोलले नाही.

एक्केचाळिसावा दिवस उजाडला. दसऱ्याला तीन दिवस. विहिरीवर वस्तीतल्या नऊ-दहा बाया जमल्या. नवसाबाईने काठाला हळदकुंकू लावलं, पाच खडे मांडून पुजले, नारळ फोडला, घुगऱ्यांची परात पुढं ठेवली. खंडेरावाने हंडा भरून पायरीवर ठेवला आणि तो पेरूच्या झाडाआड जाऊन मोबाइलमध्ये घुसला, कारण पुरुषांनी तिथं थांबायचं नसतं. नवसाबाईने जुन्या लुगड्याची चुंबळ वळली आणि माझ्यापुढं धरली.

“उचल.”

खरं सांगते, मला उचलायचा होता. विहिरीच्या मागं सव्वीस ओळी पिवळ्याधमक पेटल्या होत्या. दोनशे पावलं चालायचं, बस्स. हात पुढे गेलासुद्धा. पण तो गुलाबी डाग आठवला, आणि मला या सगळ्याचाच संताप आला. त्या हंड्याचा, त्या कांद्यांचा, माझ्या पुढे गेलेल्या हाताचा.

“आत्याबाई, मी उचलणार नाही,” मी म्हटलं. “मला योनीत टाके आहेत. परवा अर्धा हंडा उचलला तर रक्त आलं.”

त्या शब्दाला दोघींनी तोंडाला पदर लावला. एकीचा घुगऱ्यांचा घास हातातच राहिला.

सुलाबाईने तिचे कांदे काढलेच. मी विचारलं, “मग पुढं काय झालं?”

चार वर्षांत तिला हे कुणी विचारलं नसावं. ती परातीत बघत राहिली.

नवसाबाईच्या कपाळाची शीर उडत होती. “मग फुलाला हात लावायचा नाय,” ती म्हणाली. “दसऱ्याला पण नाय.”

माझा पंचविसावा दसरा तिथंच पायरीवर पडला. तरी बोलले. “नाही लावत. दसरा पुढच्या वर्षी परत येईल. हे फाटलं तर काय येणारे?”

नवसाबाई चुंबळ हातात घेऊन उभी होती. मला वाटलं आता फेकून मारते. ती पायरीवर बसली.

“खंडूच्या येळंला मी ह्याच पायरीवरनं हंडा उचलला,” ती म्हणाली. “एक्केचाळिसावाच दिवस. दाराशी पोचले तवा मांड्यांच्या मधी कायतरी आलं. मला वाटलं, लिंबू हाय.”

“लिंबू?” कुणीतरी विचारलं.

“अंग खाली आलं होतं, पिशवीच. बेचाळीस वर्षं झाली. सकाळी बोटानं आत सारते आन कामाला लागते.”

चोवीस वर्षं मी या बाईला बाजारात एका मांडीवर कलून बसताना बघत होते. बोलता बोलता अचानक उठून आडोशाला जाताना बघत होते. मला वाटायचं, हा तिचा तोरा आहे. मी मनात तिला किती नावं ठेवली होती ते इथं सांगत नाही.

“मग मला उचल का म्हणत होतात?” मी विचारलं. राग होताच.

“मला कुणी नको म्हणलं नव्हतं,” नवसाबाई म्हणाली.

तेवढ्यात सुलाबाईने परातीकडे बघतच सांगून टाकलं, की कांदे काढल्यापासून तिला शिंक आली की साडी भिजते. कोपऱ्यातली म्हातारी अक्काबाई म्हणाली, शिंकेचं काय घेऊन बसलीस, मी तर खोकला यायच्या आधी पायावर पाय दाबून आढी घालते. मग एकजण उठून आढी कशी घालायची ते दाखवायला लागली. बघता बघता विहिरीवर अशी गोष्टींची झड लागली, की दुसरा कुणी पुरुष असता तर पेरूच्या झाडावर चढून बसला असता. पाच मिनिटांपूर्वी एका शब्दाला पदर लावणाऱ्या बाया आता नाव घेऊन घेऊन बोलत होत्या. मी पोटावर हात दाबून ऐकत होते.

नवसाबाईने मात्र हंडा सोडला नव्हता. नियम तिचा होता आणि ती तो असा मोडणारी नव्हती. हंड्याकडे बघितलं, घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“हंडा उंबऱ्याला गेला पायजे,” ती म्हणाली. “कुणाच्या डोक्यावर, ते काय विहीर विचारत नाय. खंडू, इकडं ये. मोबाइल ठेव तो.”

खंडेराव आला तो मोटार बिघडली असेल अशा तयारीने. आईने त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, बाया बघतायत.

“मग नीट चाल.”

वस्तीतल्या दोघींनी मिळून हंडा त्याच्या डोक्यावर चढवला. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन पळणारा माणूस, पण डोक्यावरचं पाणी हा वेगळा धंदा आहे. पहिल्याच पावलाला हंडा डावीकडे गेला, खंडेराव उजवीकडे. पाणी मानेवरून सदऱ्यात उतरलं. मागून बायांचा जथा, प्रत्येकीचा सल्ला वेगळा. मान ताठ ठेव. खाली बघू नको. कंबर मोकळी सोड, खंडेराव, कंबर कशाला राखून ठेवलीस. तो नव्या नवरीसारखा पाय मोजत चालला होता, दोन्ही हात हंड्याला, मिशीवरून पाणी टपकतंय. निम्म्या वाटेत हंड्याखालून आवाज आला.

“मला पण डिंकाचे लाडू मिळतील ना?”

मी हसले. चाळीस दिवसांचं साठलेलं हसले. हात सवयीने पोटावर गेला, पण तोपर्यंत हसू पुढे निघून गेलं होतं. थोडं ओढलं, दुखलं नाही. सुलाबाई माझ्या खांद्यावर कोसळली, हसवू नका गं, साडी, साडी, म्हणत पेरूच्या आडोशाला पळाली, आणि तिकडूनही तिचं हसणं ऐकू येत होतं.

उंबऱ्यावर हंडा उतरला तेव्हा निम्मा उरला होता. नवसाबाईने आत डोकावून बघितलं. आता ही नियम काढते की काय म्हणून माझा जीव टांगणीला. तिने भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळला, मग चिंब भिजलेल्या पोरावरून ओवाळला आणि लांब फेकला.

“पोचला,” ती म्हणाली. “जा, फूल तोड.”

पहिल्या ओळीचं पहिलं फूल मी तोडलं. देठ मोडल्याचा तो बारीक आवाज. बोटांना तो कडू हिरवा वास. एवढंच. पण मी ती बोटं रात्री जेवतानासुद्धा धुतली नाहीत, डावा हात वापरला आणि नवसाबाईच्या शिव्या खाल्ल्या.

पुढचे दोन दिवस मी उलट्या क्रेटवर बसून तोडणी केली. दमले की उठायचे, मांडवात जाऊन आडवी व्हायचे, कुणाला विचारायचे नाही. क्रेट मी उचलला नाही आणि नवसाबाईलाही उचलू दिला नाही. सगळं खंडेरावाने वाहिलं. दसऱ्याला बाजारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी झेंडू विकला, केशरी साडी नेसून. घशाचं ऑपरेशन झालं नव्हतं, तो व्यवस्थित चालत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरीणबाईंना दाखवायला जायचं होतं. रिक्षा दारात आली. मी पोटपट्टा बांधून बाहेर आले तर नवसाबाई आधीच आत बसलेली, इस्त्रीचं लुगडं, अंबाड्यात आमचीच शेवंती. मला म्हणाली, आधी माझा नंबर लावायचा, मी बेचाळीस वर्षं थांबलेय.

मी शेजारी बसले. पाटावरचा गतिरोधक आला तशी ती रिक्षावाल्यावर ओरडली.

“हळू घे रे बाबा. दोघींचं काम हाय.”