बिरूची चौकशी

धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर, धनगरांची पाच-सात घरं होती. त्यातल्या बाजीचा मुलगा बिरू आफ्रिकेत मास्तर आहे, हे खालच्या गावापासून पौडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आफ्रिका कुठे आहे ते मात्र कुणालाच धड सांगता येत नसे. बिरूची आई तानूबाई विचारणाऱ्याला सांगायची, "मुंबईच्या पल्याड हाय, मदी वाईच पानी हाय."

बिरू पहिल्यापासून भिडस्त. लहानपणी शेळ्यांमागे जाताना पुस्तक न्यायचा आणि शेळ्या हरवून यायचा. शेवटी बाजीनं कंटाळून त्याला पुण्याच्या बोर्डिंगात घातला. तिथून तो शिकत गेला, गणिताचा मास्तर झाला आणि टांगानिका देशात म्वांझा गावी, तिथल्या व्यापारी मंडळानं चालवलेल्या शाळेत लागला. त्या गावालाही मोठं तळं होतं. संध्याकाळी काठावर उभं राहिलं की त्याला मुळशीचं पाणी आठवे आणि आपण मोठी मजल मारली की नुसती एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर आलो, हे त्याला कळेनासं होई.

शाळेच्या चिटणिसाची एक रीत होती. मास्तरांनी संध्याकाळी त्याच्या पेढीवर बसून हिशेब लिहायचे. बाकीचे बसत. बिरूही बरेच दिवस बसला. मग एकदा, का कोण जाणे, त्यानं नको म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच म्हटलेलं ते नको त्याला महागात पडलं. शाळेनं करार पुढे वाढवला नाही. आणि तिकडचा कायदा असा, की राहण्याचं परमिट माणसाच्या नावाचं असलं तरी ते नोकरी देणाऱ्याच्या जिवावर. शाळा सुटली की परमिट गेलं, परमिट गेलं की देश सोडायचा.

त्याच देशातल्या दोदोमा गावची एक शाळा त्याला घ्यायला तयार होती. तिनं सरकारात नवं परमिट मागितलं, ते मंजूरही झालं. पण त्याला मुदत होती, होळीच्या आत तिकडच्या दारेसलाम बंदरात उतरलं पाहिजे. त्यातच बिरूच्या पासपोर्टाची वर्षं संपलेली. तो नवा करून घ्यायचा तर आधी पोलिसांनी गावी येऊन चौकशी करायची, की हा माणूस इथलाच का, चालीचा कसा. चौकशी झाली की पासपोर्ट, पासपोर्ट झाला की आगबोट. दिवाळीनंतर घरी आलेला बिरू त्या चौकशीची वाट बघत बसला होता.

घरी यातलं त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. लांबडी सुट्टी आहे म्हणाला. नोकरी गेली हे आईबापांना कुठल्या तोंडानं सांगायचं? नवा पासपोर्ट हातात पडला की सांगू, असं तो रोज मनाशी म्हणायचा.

पौषात एक दिवस त्याच्यानं राहवेना. चौकशी का होत नाही हे विचारायला तो सकाळीच सोंड उतरला आणि गाडी धरून पौडच्या ठाण्यात गेला. फौजदार जागेवर नव्हते. दिवसभर बाकावर बसून दिवेलागणीला तो घरी परतला, तर अंगणात सगळी वस्ती जमलेली. त्याची चुलती बायजा तोंडाला पदर लावून हसत होती. तानूबाईच्या अंगात तर नुसता आनंद भरला होता.

"पोलीस आला व्हता," ती म्हणाली. "तुला धराया."

बिरू उंबऱ्यापाशीच थांबला.

मग तिनं सगळं रंगवून सांगितलं. खाकी टोपी खालच्या वळणावर दिसली तशी बायजानं वर्दी दिली. तानूबाईनं कुंपणावरची बिरूची पाटलोण ओढून गवताच्या गंजीत खुपसली. त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेवर घोंगडी टाकली आणि स्वतः वर बसली, शेंगा फोडत. पोलिसानं नाव घेऊन विचारलं, तेव्हा तिनं कोण बिरू म्हणून उलट त्यालाच विचारलं. बायजानं शपथ घेतली की या नावाचं माणूस वस्तीवर कधी जन्मलंच नाही. पोलीस म्हणाला, तो आफ्रिकेत मास्तर असतो म्हणे. त्यावर तानूबाई म्हणाली, धनगराच्या पोटी कधी मास्तर होतो का? तिला ते इतकं आवडलं होतं की तिनं दोनदा सांगितलं. पोलिसानं बिचाऱ्यानं ताक पिऊन काढता पाय घेतला. खालच्या गावात पोलीसपाटलाला विचारावं, तर तो नेरे गावी पाहुण्यांकडे गेलेला.

घोंगडी अजून ट्रंकेवर होती. बिरूनं ती उचलली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव लिहिलेलं होतं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. आई त्या नावावरच बसली होती.

त्याला रागावताही येईना. या वस्तीवर कोण कशाला भितं हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? धरणाच्या वेळी खालची जमीन पाण्यात जायची होती, लोक बांधावर आडवे पडत, आणि पोलीस घरोघर येऊन नावं पुकारत. बाजीचा थोरला भाऊ कोंडाजी भोळा. त्याचं नाव पुकारलं, तो "व्हय, म्याच" म्हणून पुढे झाला. येरवड्याहून परत आला तो खोकतच, आणि पाणी दारापाशी चढायच्या आत गेला. तेव्हापासून वस्तीचा नेमच होता. टोपीवाल्यानं नाव विचारलं की ते माणूस इथं नाही. पोरं चालायच्या आधी हे शिकत. बिरूही शिकला होता. फक्त पुस्तकांच्या नादात विसरला होता, आणि विसरला म्हणूनच त्यानं कुणाला सावध केलं नाही.

त्या संध्याकाळी त्यानं सगळं सांगितलं. सुटलेली नोकरी, परमिट, होळी. बोलताना तो खाली जमिनीकडेच बघत होता. तानूबाईच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. बायजा उठून आपल्या घरात गेली.

दुसऱ्या दिवशी बिरू पायताण घालू लागला तेव्हा म्हातारा बाजी काठी घेऊन दारात उभा होता.

फौजदार आज भेटले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. अहवाल सकाळीच पुण्याला गेला होता, की सदर माणूस दिल्या ठिकाणी राहत नाही, लोक ओळखत नाहीत. आता वरून हुकूम आल्याखेरीज दुसरी चौकशी व्हायची नाही. फार तर बापानं, घरचे काल खोटं बोलले, असा जबाब द्यावा, तो वर पाठवता येईल.

बिरूनं बापाला समजावून सांगितलं. बाजीनं मान डोलावली. फौजदारांनी लेखणी घेतली आणि विचारलं, "नाव काय, बाबा?"

बाजीचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यानं भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. फौजदारांनी पुन्हा विचारलं. कपाळावरचा घाम मिशीपर्यंत आला, तरी म्हातारा उभाच. बिरूनं सांगायला तोंड उघडलं तसं फौजदारांनी हातानं थांबवलं. ज्याचा जबाब त्यानंच बोलायचं.

"काल तर म्हणे तुमच्या बायकोचं तोंड थांबत नव्हतं," फौजदार म्हणाले.

मग बाजीनं बिरूचा हात धरला, लहान मूल बैल बघून धरतं तसा, आणि म्हणाला, "बाजी." एवढं म्हणून तो थोडा थांबला. आता काहीतरी होईल, कुणीतरी उठेल, असं त्याला वाटलं असावं. कुणी उठलं नाही. मग त्यानं बापाचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली, आणि अंगठा पुढे केला. परतताना गाडीत तो त्या शाईच्या अंगठ्याकडे बघत होता. घरी आल्यावरही त्यानं तो धुतला नाही.

जबाब वर गेला आणि वरच राहिला. बिरू पौडला गेला, पुण्याला गेला. सगळीकडे त्याला नीट उत्तर मिळालं, आणि सगळीकडे ते एकच होतं. माघ संपला. दोदोमाच्या शाळेला त्यानं तार केली, त्यांनी थोडं थांबतो म्हणून कळवलं. मुंबईहून आगबोट सुटली त्या दिवशी तो पाण्याच्या काठी शेळ्या घेऊन बसला होता. सोबत पुस्तक नव्हतं, आणि शेळी एकही हरवली नाही. खालच्या गावानं होळी पेटवली तेव्हा वस्तीवरून ती दिसत होती. तानूबाईनं नैवेद्य केला आणि कुणीच जेवलं नाही.

पुढे शाळेनं कळवलं की जागा भरली. परमिट दुसऱ्या माणसाच्या कामी येणारं नव्हतं, आणि आता त्याच्याही.

चैत्राच्या उन्हात तोच पोलीस पुन्हा सोंड चढून आला. पुण्याहून हुकूम आला होता. बिरू वरच्या टेकाडावर होता. त्यानं खाकी टोपी पाहिली आणि खाली यायला निघाला, पण घाई केली नाही.

बाजी पोलिसाची वाट बघत असल्यासारखा अंगणाच्या तोंडाशी उभा राहिला. तानूबाईनं ट्रंक बाहेर ओढली आणि त्याला बसायला दिली. आता तीत नाचणी होती. पोलीस घाम पुसत नावावर बसला आणि त्यानं कागद काढला.

त्यानं विचारायच्या आतच म्हातारा बोलू लागला, मोठ्यानं, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं.

"म्या बाजी. ह्यो माज्या बापाचा ठिकाणा. कोंडाजी माजा भाऊ व्हता, त्यो गेला. ही माजी कारभारीन तानू. बिरू माजाच ल्योक. मास्तर हाय. आफ्रिकेत व्हता."

पोलीस म्हणाला, पुरे बाबा, एवढं नको, फक्त मुलगा इथं राहतो का तेवढंच सांग.

"ऱ्हातो," बाजी म्हणाला. त्यानं काठी उचलून उतारावरून शेळ्यांमागे येणाऱ्या बिरूकडे दाखवलं. "त्यो काय, येतुया."

मग त्यानं बायजाचं नाव सांगितलं, तिच्या पोरांची सांगितली, शेजारच्या गेणबाचं सांगितलं. पोलिसानं लेखणी कधीच खिशात ठेवली होती. बिरू अंगणात आला, त्यानं बापाच्या हातातली काठी हळूच काढून घेतली आणि त्याला सावलीत बसवलं. तरी म्हातारा नावं सांगतच होता.