पहाटेचा धवला

मांडव नसेल तर धवला नाही, हा ठमीबायचा नियम होता आणि तो तिनं कोणासाठी मोडला नव्हता. उरणच्या मिठागरांकडच्या गावांत आगऱ्यांची लग्नं गाणी गाऊन लावणाऱ्या धवलारिणी आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. ठमीबाय त्यांत सगळ्यात वयस्क. मांडव घालण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत प्रत्येक विधीचा धवला आता एकट्या तिलाच पाठ होता. लिहिलेलं कुठंच काही नव्हतं.

रुचिता म्हात्रेच्या पीएच.डी.चा विषय हाच होता. पहिल्या वर्षी ती वही घेऊन ठमीबायच्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "सगळे धवले एकदा ओळीनं सांग ना, मी उतरवून घेते."

"अशे कशे सांगू?" ठमीबाय जवळा निवडता निवडता म्हणाली. "धवल्यानं देवांना आवतन जातं. ते आले न् बसाला मांडव नाय, यी कंची रीत? लग्नाला ये, पोरी. फुकाट जेवशील पन."

रुचिता तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. जितके तास घेतले तितकंच मानधन, तेही तीन-चार महिन्यांनी. वडिलांचं मिठागर बंद पडल्यापासून घर तिच्यावरच होतं. एप्रिल-मेमध्ये वर्ग नसत, म्हणजे मानधनही नसे. ते दोन महिने ती न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या एका गोदामात कंटेनरच्या नोंदी करायची. आणि गावातली बहुतेक लग्नं नेमकी त्याच दोन महिन्यांत. विषय निवडताना हे लक्षात आलं नव्हतं का, असं मार्गदर्शक बाईंनी एकदा तिला विचारलं होतं. लक्षात आलं होतं. संध्याकाळ मिळेल, रविवार मिळेल, असं तिनं धरलं होतं.

तीन उन्हाळ्यांत तिनं अकरा लग्नं गाठली. कामावरून थेट मांडवात, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र तसंच. संध्याकाळचे, रात्रीचे सगळे धवले मिळाले. राहिला एकच. हळद उतरवण्याआधी, तांबडं फुटताना म्हणायचा. गोदामाची बस सहाला सुटायची, आणि रविवारची लग्नं बहुतेक हॉलमध्ये, बिनमांडवाची, म्हणून ठमीबायच्या वाट्याला क्वचितच येत.

"दिसभर लोकांचं डबं मोजतंस," ठमीबाय चिडवायची. "माजी गाणी कवा मोजशील गो?"

चौथ्या वर्षी योग जुळला. चुलतभाऊ ऋत्विकचं लग्न मे महिन्यातल्या रविवारी ठरलं, मांडव घरासमोरच, आणि धवलारीण ठमीबाय. रुचितानं तिला महिनाभर आधी जाऊन सांगितलं, "या वेळी सकाळचा धवला मी ऐकणार."

"तू आल्याबिगर तोंड उघडनार नाय," ठमीबाय म्हणाली.

लग्नाच्या तीन दिवस आधी गोदामाच्या अल्पेशभाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "म्हात्रे मॅडम, संडेला पूर्ण स्टॉक घ्यायचाय. डबल हजेरी देतो. जमणार नसेल तर सांगा, दुसरी मुलगी बघतो."

प्रबंध सादर करायची शेवटची मुदत जूनअखेर होती आणि फी अजून भरायची होती. रुचितानं त्या संध्याकाळी बसमध्ये बसून विचार केला. फी थांबणार नव्हती. धवला थांबू शकत होता. प्रबंधात नाही आला तरी पुढच्या वर्षी ऋत्विकच्या बहिणीचं, अमिषाचं लग्न होतंच. ठमीबाय काय कुठं पळून जात नव्हती.

तिनं आपला मोबाइल अमिषाच्या हातात दिला. "ठमीबायनं सुरुवात केली की हे लाल बटण दाब. मी येणार नाही, हे तिला सांग."

रविवारी संध्याकाळी ती आली तेव्हा नवरी घरात आली होती आणि मांडवात ताटं मांडली जात होती. पडवीच्या कोपऱ्यात उभं राहून तिनं मोबाइल कानाला लावला. आधी कोंबडे, भांडी, कोणाचं तरी खोकणं. मग ठमीबायचा आवाज.

"रुचिता आयली का गो?"

"येल, ठमीबाय. तुम्ही सुरू करा," अमिषा म्हणत होती.

"थांब जरा. ती पोर तीन वरसं या धवल्याच्या मागं हाय."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. चौथ्यांदा विचारलं तेव्हा नवऱ्याचे मामा ओरडले, "ओ बाय, बेंजोवाले आले, मुहूर्त जाल!" ठमीबायनं सुरुवात केली.

उगवतीला फुटलं तांबडं गो,
नवऱ्याच्या हलदीला ऊन आलं...

त्यावर बेंजो सुरू झाला. पुढं फक्त बेंजो होता.

"तू सांगितलं नाहीस तिला?" रुचितानं विचारलं.

"कशी सांगू? किती आशेनं बसलेली," अमिषा म्हणाली. "तिला वाईट वाटलं असतं ना."

हे आपणच जाऊन सांगायला हवं होतं, ते अमिषावर ढकलायला नको होतं, एवढं रुचिताला तिथंच कळलं. ठमीबायकडे जायची लाज वाटली म्हणून ती त्या आठवड्यात गेली नाही. मग जून आला, छपाई आली, सह्या आल्या. प्रबंधात तिनं लिहिलं : "हळद उतरवण्याआधीचा धवला संकलित होऊ शकला नाही."

गणपतीत ठमीबायला लकवा झाला. रुचिता गेली तेव्हा ती खाटेवर होती, तोंड एका बाजूला वळलेलं. तिनं रुचिताला ओळखलं. डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि हळद लावावी तसा अंगठा तिच्या दंडापर्यंत फिरवला. ओठ हलले, शब्द आला नाही. दिवाळीच्या आधी ती गेली.

मौखिक परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "हा एकच धवला का राहिला?"

"गायिकेचं निधन झालं, सर."

हे खरं होतं. पण प्रबंधातलं ते वाक्य लिहिलं गेलं तेव्हा ठमीबाय आपल्या ओट्यावर बसून जवळा निवडत होती. परीक्षकांनी तारखा विचारल्या नाहीत, तिनंही सांगितल्या नाहीत. पदवी मिळाली. कॉलेजातल्या पाटीवर तिच्या नावामागं डॉक्टर लागलं. तास मात्र पूर्वीसारखेच, मोजूनच.

या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला लोकसाहित्याचा पेपर तिच्याकडे आला. धवल्याच्या तासाला तिनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि ते रेकॉर्डिंग लावलं. पहिलाच प्रश्न ऐकून मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चौथ्यांदा तो आला तेव्हा वर्ग हसत होता.

"मॅडम, तुमचंच नाव!" पुढच्या बाकावरची तेजस्वी म्हणाली. "मग आलात का तुम्ही?"

"नाही," रुचिता म्हणाली. "मी कामावर होते."

बेंजो सुरू झाला तशी तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. खडू घेऊन तिनं फळ्यावर धवला लिहायला घेतला. मुलांनी दोन ओळी उतरवल्या आणि पेन तसंच वहीवर टेकवून सगळी तिसऱ्या ओळीची वाट बघत राहिली.