अठराव्या कागदावरची पापणी

कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर शरदाचं पिंगट, पिकलेलं, पेंगुळलेलं ऊन उतरलं होतं. आणि त्या सुवर्णधूसर उन्हात, खिडकीशी, शुभ्रकेशी ऑर्विल टेनंट पार गोंधळून बसला होता.

चाळीस वर्षं त्यानं कार्टूनपट दिग्दर्शित केले. सेकंदाला चोवीस चित्रं, चोवीस स्पंदनं! त्यानं हत्ती उडवले, मांजरं आपटली, जगाला पोट धरधरून हसवलं. पण जगाच्या लक्षात राहिलं एक नीलपंखी बदक: कड्यापुढे अधांतरी थबकलेलं, आणि पडण्याआधी, अगदी पडण्याआधी, निमिषमात्र पापणी मिटणारं. आज त्या पापणीसाठीच त्याचा सत्कार होता. ती सुचली कशी, हे तासाभरात व्यासपीठावर सांगायचं होतं.

आणि नेमकं तेच आठवेना! कडा आठवे, वारा आठवे, पिसांची निळाई आठवे. म्हातारपणाचा घोटाळा म्हणावा, तर बाकी सगळं लख्ख कसं?

शेवटी त्यानं मर्ना केसलरला बोलावलं. स्टुडिओत हालचालीची टोकं तो रेखायचा, मधली चित्रं मर्ना भरायची. विषम आकड्यांचे कागद त्याचे, सम आकड्यांचे तिचे, अशी त्याचीच शिस्त. तिनं त्या दृश्याच्या मूळ कागदांचा जपलेला गठ्ठा आणला.

तो कागद चाळू लागला. सतरावर डोळा उघडा. एकोणिसावरही उघडा. पापणी मिटली होती ती अठरावर.

“मर्ना, ही तुझी आहे.”

“हो,” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक आहे, असंच मी धरून चालले होते.”

आवाजात राग नव्हता, हेच त्याला सोसेना. इतकी वर्षं तिनं आपल्याला चोर मानलं? की केव्हाच माफ केलं? विचारायला जीभ रेटेना.

व्यासपीठावर तो म्हणाला, “ती पापणी माझी नाही. मर्ना केसलरची आहे.”

सभागृह खदखदून हसलं. जन्मभर थट्टा केलेल्या माणसाचं खरं कोण मानणार हो! त्यानं पुन्हा सांगितलं. लोक आणखी हसले. तिसऱ्या रांगेत मर्ना तेवढी हसत नव्हती.

मग तो पायऱ्या उतरला. चाचपडत, एकेक पाऊल. तिच्यासमोर जाऊन त्यानं मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. आणि हसू ओसरत गेलं, रांगेमागून रांग, ओसरत गेलं.