कुंडाची किल्ली

हॅमोच्या कमरेला किल्ली एकच, पण मिरवायचा असा, जणू राजाचा खजिना याच्याच ताब्यात. किल्ली होती चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाची. जादूटोण्यासाठी कुणी आतलं पाणी पळवू नये म्हणून झाकणाला कुलूप. घंटा वाजवणं, फरशीवर अंथरलेलं गवत बदलणं, मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण खरवडणं ही चर्चच्या चाकरीतली कामंही त्याचीच, पण त्यांचा तोरा कोण मिरवतो?

त्या किल्लीनंच त्याचा घात केला. वॉल्टर कोळ्याची बायको एव्हिस दिवस भरायच्या आतच बाळंत झाली. नवरा समुद्रावर, सुईण दुसऱ्या गावी. पोर निळं पडत चाललेलं. अंगात त्राण नसताना ही बाई त्याला छातीशी धरून चर्चच्या दारात आली आणि म्हणाली, कुलूप काढा, बाप्तिस्म्याविना गेलं तर लेकराला स्वर्ग नाही.

"पाद्रीबाबांशिवाय काढता येत नाही," हॅमो म्हणाला. "तू इथंच थांब. मी त्यांना घेऊन येतो."

आणि पळाला. दलदलीपलीकडं एका मरणाऱ्या म्हाताऱ्यापाशी पाद्री गेले होते. तिथून निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "पोराच्या डोक्यावर पाणी तरी घातलंस ना?"

हॅमोला तेव्हा कुठं आठवलं. पोर जाण्याच्या बेतात असेल तर पाणी कुठलंही चालतं, डबक्यातलंसुद्धा. हात कुणाचाही चालतो, बाईचासुद्धा. चार शब्द म्हटले की झाला बाप्तिस्मा. वर्षातून कितीदा तरी पाद्री वेदीपुढच्या नक्षीच्या लाकडी पडद्यापाशी उभे राहून हे गावच्या भाषेत सांगत. हॅमोला ते पाठ होतं. पण कुलूप दिसलं, किल्ली हाताला लागली, आणि मेल्याची अक्कलच गहाण पडली. एव्हिस टेकली होती त्या दाराशीच तर भिंतीत पवित्र पाण्याचं दगडी पात्र होतं, काठोकाठ भरलेलं.

ते परतले तेव्हा पोर थंड झालं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या आवारात त्याला जागा नाही. कुंपणाबाहेर चिंचोळ्या पट्टीत वॉल्टरनं खड्डा खणला. पाद्रींनी हॅमोला उपासाचं प्रायश्चित्त दिलं आणि वर बजावलं, त्या बाईला काही बोलू नकोस, तिच्या जिवाला नवा घोर कशाला. हॅमोला तेच हवं होतं. भित्रा होता तो.

एव्हिस मात्र दर रविवारी त्याच्यापाशी थांबायची. माझ्या लेकरासाठी हॅमोकाका म्हातारपणी जीव तोडून पळाले, असं चारचौघींत सांगायची. तो मान खाली घालून गवत सारखं करत बसायचा. वाटायचं, हिनं एकदा तोंडात मारावी. उपास केले, मेणबत्त्या लावल्या, कशानं म्हणून कशानं जीव हलका होईना.

मग एका रविवारी पाद्रींनी पुन्हा ते चार शब्द सांगितले. लोक गेले. एव्हिस कुंडाला हात टेकून तशीच उभी राहिली.

"काका, कुणाला सांगू नका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "हे मी आधीही ऐकलं होतं. तेव्हा आठवलंच नाही हो. पाणी माझ्या कोपराशी होतं. माझ्या हातानं माझं लेकरू अंधारात गेलं. वॉल्टरला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही."

म्हणजे इतके दिवस हीसुद्धा जळत होती. हॅमोला एक घाव बसल्यासारखं झालं. गप्प राहिला असता तर आयुष्यभर तिचा काका राहिला असता.

"मला आठवायला हवं होतं, पोरी," तो म्हणाला. "तू ओली बाळंतीण होतीस. मी धडधाकट होतो. आणि थांब असं मी म्हणालो."

तिनं कुंडावरचा हात काढून घेतला.

"हो," ती म्हणाली. "थांब म्हणालात. म्हणून थांबले मी."

तिनं डोकं झाकून घेतलं, दारापर्यंत गेली आणि मागं न बघता म्हणाली, "आज मला झोप लागेल. तुम्ही तुमचं बघा."